घरातल्या झाडांना पाणी कोणतं घालावं? सोलापूरकरांचे नेहमीचे प्रश्न

बावीस वर्षं मी अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एका डाइंगच्या लॅबमध्ये काढली. चादरीचा रंग एकसारखा बसला नाही की मालक आधी सुताला शिव्या घालायचा, मग रंगाला. मी सकाळी पाण्याची बाटली भरून आणायचो. दहातल्या सात वेळा दोष पाण्यातच असायचा. आता जुळे सोलापुरातल्या फ्लॅटमधली एक खोली एलईडी दिव्यांखाली लेट्युस, बेसिल, पुदिना आणि मिरचीनं भरली आहे. सोसायटीतले आणि ओळखीपाळखीचे लोक विचारत असतात. तेच तेच प्रश्न येतात, म्हणून एकदाचं लिहून काढलं.

आमच्याकडे नळाचं, बोअरचं, टँकरचं आणि जारचं अशी चार पाणी आहेत. झाडांना कुठलं घालू?

चारही एकेकदा मोजल्याशिवाय सांगता येणार नाही. आणि "नळाचं" म्हणजे तरी कुठलं? शहराला पाणी तीन वाटांनी येतं. एक उजनी धरणातून थेट पाइपलाइननं पाकणीच्या शुद्धीकरण केंद्रात. दुसरं भीमेतून सोडलेलं, औज बंधाऱ्यात अडवून टाकळीहून उचललेलं, ते सोरेगावच्या केंद्रात. तिसरं हिप्परग्याच्या तलावातलं. त्यामुळे शेळगीतल्या मावशीच्या नळाचा आकडा विजापूर रोडच्या भाच्याला लागू पडेलच असं नाही.

तरी ढोबळ क्रम विचाराल तर माझा असा आहे: पावसाचं, मग नळाचं, मग आरओत बोअर मिसळलेलं, मग नुसतं बोअरचं. टँकर या क्रमात बसत नाही. आजचा टँकर कुठल्या विहिरीवर भरला हे ड्रायव्हरलाच ठाऊक. टँकर आला की मी आधी मीटर बुडवतो.

टीडीएस मीटरवर ८०० आलं. पाणी वाईट ना?

हा प्रश्न मला आठवड्यातून दोनदा तरी येतो. अडीचशे-तीनशे रुपयांचा तो पेन आता घरोघरी आहे आणि त्यानं जितकी भीती घातली तितकी माहिती काही दिली नाही.

पेन सांगतो एवढंच की पाण्यात काहीतरी विरघळलंय. काय विरघळलंय ते सांगत नाही. समजा ८०० चं एक पाणी आहे, त्यातला मोठा भाग कॅल्शियम आणि मॅग्नेशियम. हे झाडाचं अन्नच. दुसरं पाणीही ८०० चंच, पण त्यात सोडियम आणि क्लोराइड, म्हणजे सरळ मीठ. पहिल्यावर झाड मजेत वाढेल, दुसऱ्यावर पंधरा दिवसांत पानांच्या कडा करपतील. पेनला दोन्ही सारखेच.

घरात मात्र एक जुनी खूण असते. बोअरच्या पाण्यात तूरडाळ शिजत नाही, साबणाला फेस येत नाही, हीटरच्या कॉइलवर पांढरं पुट चढतं, पण चवीला पाणी ठीक लागतं, तर ते जड पाणी. आपल्या काळ्या बेसॉल्ट खडकातून झिरपलेल्या पाण्यात हे असायचंच. आणि जिभेवर मचूळ, खारट लागत असेल तर सोडियम किंवा क्लोराइड जास्त. डाळ न शिजवणारं पाणी झाडाला चालवून घेता येतं. मचूळ पाण्याला मी घरात थारा देत नाही.

पिण्याच्या पाण्याचं प्रमाण असतं तसं झाडांचं नसतं का?

पिण्याच्या पाण्याचं भारतीय मानक आयएस १०५००. त्यात टीडीएस ५०० पर्यंत हवा, दुसरी सोय नसेल तर २००० पर्यंत चालतो. झाडांसाठी शेतकी लोक टीडीएसऐवजी ईसी बघतात, म्हणजे पाण्यातून वीज किती सहज वाहते ते, मिलीसीमेन्स प्रति सेंटीमीटरमध्ये. सिंचनासाठी ०.७ ईसीच्या खालचं पाणी बिनधास्त, ०.७ ते ३ सांभाळून, ३ च्या वर त्रास नक्की, असा साधारण हिशोब आहे.

हा हिशोब शेताचा, जिथं पाऊस येऊन क्षार खाली धुऊन नेतो. घरातल्या कुंडीवर पाऊस पडत नाही. आज घातलेला क्षार उद्याही तिथंच. म्हणून घरात मी कुंडीसाठी ०.७५ आणि मातीविना हायड्रोपोनिक्ससाठी ०.४ ही रेघ धरतो. ०.८ पर्यंत ओढाताण करून निभतं.

कारण असं बघा. लेट्युसला खत घातलेल्या पाण्याचा ईसी साधारण १.२ लागतो. तुमचं बोअरच १.४ असेल तर खताला जागा कुठं राहिली? ताट आधीच भरलंय, आणि भरलंय ते बहुतेक नको असलेल्या पदार्थांनी.

माझा पेन पीपीएम दाखवतो, तुम्ही ईसी सांगता. हिशोब कसा लावायचा?

पेन आत ईसीच मोजतो आणि त्याला एका आकड्यानं गुणून पीपीएम दाखवतो. गंमत अशी की काही कंपन्या ५०० नं गुणतात, काही ७०० नं. त्यामुळे एकच पाणी एका पेनवर ५०० आणि दुसऱ्यावर ७०० दिसतं, ईसी दोन्हीकडे १.० च. दोन शेजाऱ्यांची यावरून भांडणं झालेली मी पाहिली आहेत. पेनच्या डब्यातली चिठ्ठी वाचा, किंवा ईसी दाखवणारा पेन घ्या.

पाण्याचा पीएच ८ आहे. झाडाला साडेसहा लागतो म्हणे. आता?

आता पीएच विसरा आणि क्षारता (अल्कलिनिटी) बघा. या पानावरची एकच गोष्ट लक्षात ठेवायची तर ही ठेवा, कारण सोलापुरात झाडं पिवळी पडण्याचं सगळ्यात मोठं कारण मला इथं सापडलंय.

पीएच म्हणजे आम्ल-अल्कलीच्या पट्टीवर आत्ता या क्षणी पाणी कुठं उभं आहे. क्षारता म्हणजे त्याला तिथून हलवायला किती जोर लागेल. दोन पाण्यांचा पीएच ८ च असतो. एकाला लिंबाचे चार थेंब टाकले की साडेसहावर येतं. दुसऱ्यात अर्धं लिंबू पिळलं तरी ढिम्म. त्या दुसऱ्यात बायकार्बोनेट भरलेलं आहे. असं पाणी रोज कुंडीत घातलं तर महिन्या-दोन महिन्यांत कुंडीतल्या मातीचाच पीएच साडेसातच्या वर जातो. मग मातीत लोह असूनही मुळांना ते उचलता येत नाही. कढीपत्त्याची, जास्वंदीची, मोगऱ्याची कोवळी पानं पिवळी पण शिरा हिरव्या, हे दृश्य तुम्ही बाल्कनीत पाहिलं असेल. लोक त्यावर खत घालतात. खत कमी पडलेलंच नसतं.

क्षारता घरी मोजता येते. प्रयोगशाळेइतकी काटेकोर नाही, पण कामापुरती. किराणा दुकानातलं लिंबूसत्त्व, म्हणजे सायट्रिक ॲसिड, दहा ग्रॅम घ्या आणि पाणी घालून द्रावण १०० मिली करा. मेडिकलमधून सुई नसलेली सिरिंज आणा. फिश टँकच्या दुकानात पीएचचे थेंब मिळतात, पाणी ७.६ ला निळं आणि ६ ला पिवळं दाखवणारे. आता एक लिटर पाणी घ्या, त्यात एक मिली द्रावण घाला, नीट ढवळा, थोडं पाणी नळीत काढून थेंब टाका. निळं आलं? नळीतलं फेकून द्या, आणखी एक मिली. पुन्हा निळं? पुन्हा एक. मग हिरवट होतं, मग एकदम पिवळं. पिवळं येईपर्यंत जितके मिली लागले त्यांना ७० नं गुणा, ती झाली ढोबळ क्षारता.

एक-दीड मिलीत पिवळं झालं तर निर्धास्त राहा. तीनपर्यंत कुंडीला चालेल, पण पानांवर लक्ष ठेवा. त्याच्या वर गेलात तर पाण्यात आम्ल घालावं लागेल किंवा मऊ पाणी मिसळावं लागेल. माझ्या सोसायटीच्या बोअरला पाच मिली लागले. लॅबमध्ये असताना जडपणा मोजताना लालसर वाइनसारखा रंग झटकन निळा व्हायचा, तो क्षण मला फार आवडायचा. इथं उलटं, निळ्याचं पिवळं. पण मजा तीच.

आम्ल घालून पीएच सहावर आणला, दुसऱ्या दिवशी परत साडेसात. मीटर बिघडला का?

मीटर ठीक असेल. बायकार्बोनेटवर आम्ल पडलं की कार्बन डायऑक्साइड तयार होतो, तो थोडा पाण्यात विरघळून राहतो आणि पीएच खाली दाखवतो. रात्रीत तो उडून जातो, पीएच चढतो. दुसरं म्हणजे लिंबूसत्त्व किंवा व्हिनेगर जिवाणू खाऊन टाकतात, मग त्याचा परिणामही जातो. म्हणून लिंबूसत्त्व कुंडीत लगेच घालायच्या पाण्याला ठीक, पण हायड्रोपोनिक्सच्या टबात आठवडाभर फिरणाऱ्या पाण्याला फॉस्फोरिक ॲसिड बरं. "पीएच डाउन" म्हणून बाटलीत जे विकतात ते बहुधा तेच असतं. टबाच्या पाण्यात आम्ल घालून एक रात्र थांबा, सकाळी परत मोजा, मग वापरा.

आम्ल नेहमी पाण्यात ओतायचं, पाणी आम्लात कधीच नाही. हातमोजे, चष्मा. बॅटरीचं ॲसिड आणि संडास धुवायचं ॲसिड यांचा विचारही मनात आणू नका. एका सद्गृहस्थांनी आणला होता, त्यांची तुळस गेली.

सॉफ्टनर बसवलाय. आता पाणी मऊ आहे, झाडांना उत्तमच ना?

नाही. आणि हे मी माझ्याच रोपांवर शिकलो.

डाइंगमध्ये सॉफ्टनर म्हणजे देव. कॅल्शियम-मॅग्नेशियम काढल्याशिवाय रंग डागाळतो. ती भक्ती मी घरी घेऊन आलो. बाथरूमच्या लाइनला छोटा सॉफ्टनर बसवला, फेस बघून बायको खूश, आणि मी तेच पाणी मिरचीच्या रोपांना सुरू केलं. तीन आठवड्यांत खालच्या पानांच्या कडा तपकिरी झाल्या. कुंडीतली माती वरून सिमेंटसारखी घट्ट, पाणी ओतलं की वरच तळं साचायचं. मला कळायला इतका वेळ का लागला याची आजही लाज वाटते, कारण सॉफ्टनरच्या टाकीत दर आठवड्याला मिठाची पिशवी मीच ओतत होतो! सॉफ्टनर कॅल्शियम काढतो आणि बदल्यात सोडियम देतो. टीडीएस जवळपास तेवढाच राहतो, फक्त झाडाच्या कामाचं जातं आणि त्रासाचं येतं. शिवाय बायकार्बोनेट जसंच्या तसं, म्हणजे क्षारतेचं दुखणंही तिथंच.

सॉफ्टनर असेल तर त्याच्या आधीच्या नळाला एक टी आणि तोटी बसवून घ्या. झाडांचं पाणी तिथून. जड पाण्यात दर लिटरला ६० मिलीग्रॅम कॅल्शियम सहज असतं. हायड्रोपोनिक्सच्या खतात ते दीडशेच्या आसपास धरतात. तिसऱ्या हिश्शाहून जास्त फुकट मिळतंय, ते का घालवायचं?

मग आरओ वापरावा का? जार वीस-तीस रुपयांत मिळतो.

हायड्रोपोनिक्सला आणि बियांपासून रोपं करायला वापरा. कुंड्यांना सगळंच आरओ म्हणजे पैसे आणि पाणी दोन्हीची उधळपट्टी, कारण एक लिटर आरओसाठी दोन-तीन लिटर पाणी वाया जातं. नळाला चार-पाच दिवसांनी पाणी येणाऱ्या गावात हे मनाला पटत नाही.

मिसळून वापरणं शहाणपणाचं. १२०० पीपीएमचं बोअर एक बादली आणि ५० पीपीएमचं आरओ दोन बादल्या, म्हणजे मिश्रण सव्वाचारशेच्या आसपास येतं. क्षारताही तितकीच उतरते आणि थोडं कॅल्शियमही राहतं.

नुसतं आरओ वापरलंत तर कॅल्शियम आणि मॅग्नेशियम वेगळं द्यावं लागेल. मी लिटरला अर्धा ग्रॅम कॅल्शियम नायट्रेट आणि ०.३ ग्रॅम मॅग्नेशियम सल्फेट घालतो, त्यानंतर बाकीचं खत. ही दोन्ही घट्ट द्रावणं एकाच बाटलीत करून ठेवू नका, तळाला जिप्सम बसतो आणि तुम्हाला वाटतं खत खराब निघालं. पातळ पाण्यात एकामागून एक घाला.

आरओच्या बाजूच्या नळीतून जे पाणी वाया जातं ते कुंडीत नाही. त्यात मूळ पाण्यातले क्षार आणखी घट्ट झालेले असतात. फरशी पुसा, संडासाला वापरा. "पाणी वाया कशाला घालवायचं" म्हणून तेच तुळशीला घालणाऱ्या अक्का मला दर गल्लीत भेटतात. त्यांचा हेतू चांगला असतो, तुळस मात्र बारीक होत जाते.

नळाच्या पाण्याला क्लोरीनचा वास येतो.

नळाला येणाऱ्या क्लोरीननं झाड मरत नाही. बादली रात्रभर उघडी ठेवा, जातो. टँकरमध्ये कधी टीसीएल (ब्लीचिंग) पावडर सढळ हातानं पडलेली असते, तेव्हा एक दिवस जास्त ठेवा. ट्रायकोडर्मा (ही उपयोगी बुरशी) किंवा जिवाणू खत देत असाल तर मात्र ताज्या नळाच्या पाण्यात कालवू नका, ती मरतील.

तुरटी फिरवली तर?

गढूळ पाणी निवळेल. क्षार कमी होणार नाहीत. पावसाळ्यात नळाला लाल पाणी आलं तर चिमूटभर फिरवा आणि वरचं निवळ घ्या, एवढाच तिचा उपयोग.

मे महिन्यात रोपांची मुळं कुजतात. पाणी तर रोज बदलतो.

पाणी बदलता, पण कुठून? गच्चीवरच्या काळ्या टाकीतून. त्रेचाळीस-चव्वेचाळीस अंशांच्या दुपारी त्या टाकीच्या पाण्यात हात धरवत नाही. मुळांना १८ ते २२ अंश आवडतं, २५ पर्यंत कुरकुर नाही. पाणी तापलं की त्यात प्राणवायू कमी मावतो: २० अंशांना लिटरमागे साधारण ९ मिलीग्रॅम, ३५ अंशांना सातच्या आत. त्याच वेळी गरम पाण्यात मुळाची भूक वाढलेली असते आणि कुजवणारी बुरशीही जोरात असते. मुळं पांढरीची तपकिरी होतात, बोटांत धरली की बुळबुळीत साल निघून येते आणि आत दोऱ्यासारखा गाभा राहतो. वास नाकाला लगेच कळतो.

यावर महागडा चिलर घ्यायची गरज नाही, आपल्याकडे माठ आहे. कुंभाराकडून न रंगवलेला, पाझरणारा वीस लिटरचा माठ आणा, खिडकीत वारा लागेल तिथं तिवईवर ठेवा. पहाटे भरलेलं पाणी दुपारीही गार असतं. हवा कोरडी म्हणून सोलापुरात हे फार छान चालतं. ऑगस्टमध्ये हवेत दमटपणा आला की माठाचा जोर ओसरतो, पण तेव्हा गरजही नसते. एक लक्षात ठेवा, माठातून पाणी उडतं आणि क्षार मागे राहतात. आठवड्याला माठ रिकामा करून घासा. बाहेरून पांढरा थर आला तर पाझर बंद पडतो, काथ्यानं घासून काढा.

हायड्रोपोनिक्सच्या टबाला मी ओलं गोणपाट गुंडाळून समोर टेबल फॅन लावतो. फार तापलं तर फ्रीझरमधली पाण्याची बंद बाटली टबात तरंगत सोडतो, दोन बाटल्या आलटून पालटून. हवेचा छोटा पंप, फिश टँकचा, रात्रंदिवस चालू. लोडशेडिंग झालं तर? हातानं ढवळा, अर्ध्या तासानं परत.

कुलरचं पाणी काढतो ते झाडांना घालू का? आणि एसीचं?

कुलरचं नको. कुलर दिवसभर पाणी उडवतो, तुम्ही वरून बोअर ओतत राहता, क्षार तळाला घट्ट होतात. मागच्या एप्रिलमध्ये शेजाऱ्यांच्या कुलरमध्ये पेन बुडवला, आकडा मूळ बोअरच्या तिपटीच्या पुढं. हे पाणी कढीपत्त्याच्या बुंध्याशी जात होतं.

एसीचं पाणी उलट, जवळपास क्षारविरहित. नळाच्या पाण्यात मिसळून शोभेच्या झाडांना द्या. कॉइलवरची धूळ आणि थोडं तांबं त्यात येऊ शकतं, म्हणून खायच्या भाजीला मी घालत नाही. तसंही आपल्या कोरड्या उन्हाळ्यात एसी पाणी गाळतो तरी किती? पाऊस सुरू झाला की बादली भरते, तेव्हा आभाळातलं त्याहून चांगलं मिळतं.

पावसाचं पाणी साठवावं का? आपल्याकडे पाऊस तो केवढा.

कमी आहे खरा, पण हिशोब करून बघा. दहा चौरस मीटर छतावर १०० मिलिमीटर पाऊस पडला की १००० लिटर होतं. थोडं वाया गेलं तरी आठशे हाती लागतं. खोलीभर झाडांना ते कित्येक आठवडे पुरतं. पावसाच्या पाण्याचा टीडीएस बहुधा दोन आकडी, क्षारता नावाला. आरओचा नैसर्गिक भाऊच.

जूनचा पहिला पाऊस सोडून द्या, त्यात वर्षभराची धूळ आणि कबुतरांची घाण असते. दुसऱ्या-तिसऱ्या पावसापासून धरा. आपला जोराचा पाऊस बरेचदा सप्टेंबरात येतो, तेव्हा ड्रम रिकामे ठेवा. पाइपच्या तोंडाला जुन्या साडीचं दुहेरी फडकं बांधा. ड्रम निळा किंवा काळा, झाकण घट्ट, डासांसाठी जाळी. पांढऱ्या पारदर्शक कॅनमध्ये आठ दिवसांत शेवाळ धरतं.

नळाला चार दिवसांनी पाणी येतं. साठवलेलं शिळं पाणी चालतं का?

चालतं. झाडाला शिळं-ताजं कळत नाही, प्रकाश कळतो तो शेवाळाला. अंधारात झाकून ठेवा. उन्हाळ्यात धरणाचं पाणी खाली गेलं की नळाच्या पाण्याला मातकट, हिरवट वास येतो. ते कुंडीला द्यायला हरकत नाही, पण ठिबकच्या बारीक नळ्यांत आणि पंपात चिकटतं. पातळ फडक्यातून गाळून घ्या.

कुंडीच्या कडेला पांढरं साचलंय, पानांची टोकंही करपली. काय करू?

ते क्षार आहेत. मातीच्या कुंडीला बाहेरून येतात तर घाबरू नका, कुंडी घाम गाळतेय. मातीवर आणि बुंध्याभोवती आले तर धुवायची वेळ झाली. वरचा बोटभर मातीचा थर खरवडून काढा, कुंडी मोरीत ठेवा, कुंडीच्या दुप्पट मापाचं तुमच्याकडचं सगळ्यात मऊ पाणी हळूहळू ओता, घाई न करता. पाच लिटरच्या कुंडीला दहा लिटर. खालून निघणाऱ्या पहिल्या मगात पेन बुडवा आणि शेवटच्या मगात बुडवा, आकडा कसा पडतो ते बघायला मुलांनाही मजा येते. ते खालचं पाणी दुसऱ्या कुंडीत नाही.

रोज पाणी घालताना थोडंसं खालून निथळेल इतकं घातलं तर ही वेळ उशिरा येते. कुंडीखालच्या ताटलीत साचलेलं पाणी तसंच ठेवलं तर मात्र कुंडी तेच परत पिते.

स्पायडर प्लांट आणि ड्रसीनाची टोकं मात्र फ्लोराइडनंही करपतात. त्यांना पावसाचं पाणी द्या.

खारं पाणी कोण सोसतं आणि कोण नाही?

बीट चांगलंच सोसतं. पालक, टोमॅटो बऱ्यापैकी. मिरची आणि लेट्युस नाखुशीनं. घेवडा, गाजर, कांदा, स्ट्रॉबेरी यांना खारं पाणी अजिबात खपत नाही. बोअरशिवाय पर्यायच नसेल तर पालकाच्या वाफ्यानं सुरुवात करा.

पाणी नीट तपासून घ्यायचं तर काय सांगायचं?

जिल्ह्यात भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेची प्रयोगशाळा आहे. माती-पाणी तपासणाऱ्या शेतकी लॅबही आहेत, डाळिंबवाले तिथं कायम रांगेत असतात. "पिण्यायोग्य आहे का" असं विचारू नका, "सिंचनासाठी तपासणी" म्हणा. पीएच, ईसी, कार्बोनेट-बायकार्बोनेट, कॅल्शियम, मॅग्नेशियम, सोडियम, क्लोराइड एवढं मागा. कागदावर आरएससी, म्हणजे उरलेलं सोडियम कार्बोनेट, लिहिलेलं असेल, ते सव्वाच्या आत असेल तर छान, अडीचच्या वर असेल तर त्या पाण्याच्या नादी लागू नका.

बोअर दहा मिनिटं चालू ठेवून मग बाटली भरा. बाटली त्याच पाण्यानं तीनदा विसळा, काठोकाठ भरा, त्याच दिवशी पोचवा. कोल्ड्रिंकच्या बाटलीत नमुना आणणाऱ्यांचे रिझल्ट गोड निघतात असं आम्ही लॅबमध्ये म्हणायचो. फेब्रुवारीत एकदा आणि मेमध्ये एकदा तपासा, बोअर आटत जाईल तसा आकडा चढतो.

तांदूळ धुतलेलं, डाळ-भाजी धुतलेलं पाणी?

कुंडीला द्या, लगेच द्या. मीठ घातलेलं उकळीचं पाणी नको. बंद खोलीतल्या कुंडीला तांदळाचं पाणी सारखं दिलं की चिलटं येतात, तेव्हा आठवड्यातून एकदा पुरे.

खरं सांगा, हे दिवे, टब, पीएच बघून लोक गांजा लावलाय का विचारत नाहीत?

विचारतात. एकानं तर कानाशी येऊन "त्याला कुठलं पाणी लागतं" असंही विचारलं. त्याला मी उत्तर दिलं नाही आणि इथंही देणार नाही. १९८५ च्या अमली पदार्थ कायद्यानुसार परवान्याशिवाय गांजाचं एक झाड लावणंही गुन्हा आहे, दहा वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि लाखापर्यंत दंड. कुंडी घरात आहे, स्वतःपुरती आहे, ही सबब चालत नाही. माझ्या खोलीचं दार सोसायटीसाठी उघडं असतं. जांभळा उजेड बघून वर आलेल्या वॉचमननं जाताना पुदिन्याची जुडी नेली.

एवढं सगळं मला जमणार नाही. बाटलीत एक मनी प्लांट आहे, बस.

मग वरचं सगळं सोडा. नळाचं पाणी, रात्रभर उघडं ठेवलेलं. आठवड्याला बदला, बाटली आतून घासा. बाटली हिरवी झाली तर भोवती कागद गुंडाळा.